आरंभ कोणाचा, हमी कोणाची?

नव्या वस्तीत प्राथमिक शाळा असावी, याविषयी सहसा कोणाचे दुमत नसते. दुमत होते ते तिचा कारभार कोणाच्या हाती असावा या प्रश्नावर. वरवर पाहता हा प्रश्न केवळ अर्ज, मंजुरी आणि भाडेपट्टा यांच्या दप्तरात निकालात निघण्यासारखा दिसत असला, तरी समाजाने आपल्या मुलांविषयीचे कर्तव्य कोणावर सोपवावे, हा त्याच्या पोटातला खरा प्रश्न असल्यामुळे त्याचा निर्णय घाईने करणे हितावह नाही.

ज्या वस्तीच्या निमित्ताने पुढील संवाद झाला, ती तालुक्याच्या गावालगत, औद्योगिक क्षेत्राच्या कडेला, गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेलेल्या जिरायत जमिनीवर उभी राहिली आहे. कारखान्यांतील कंत्राटी कामगार, मराठवाड्यातून पोटासाठी आलेली कुटुंबे, उत्तरेकडचे गवंडी व सुतार, आणि उरलेल्या तुकड्यावर घर बांधून राहिलेले मूळचे शेतकरी, असा तिथला समाज. गावठाणातील जिल्हा परिषदेची शाळा हमरस्त्याच्या पलीकडे असल्याने लहान मुलांना तो रस्ता ओलांडून जावे लागते. वस्तीच्या रेखांकनात सोडलेली एक मोकळी जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात आहे. ती जिल्हा परिषदेच्या नव्या शाळेसाठी राखून ठेवावी, असा एक प्रस्ताव आहे. वरिष्ठांच्या मंजुरीने ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एका शिक्षणसंस्थेस द्यावी आणि संस्थेने तेथे स्वयंअर्थसहाय्यित शाळा काढावी, असा दुसरा. शिक्षक व पुढे केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालेले एक गुरुजी पहिल्या प्रस्तावाच्या बाजूचे. त्या संस्थेच्या विश्वस्त मंडळावर अनेक वर्षे असलेले एक वकील दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूचे. दोघेही गावाचे हितचिंतक, आणि दोघांचाही एकमेकांच्या सचोटीवर पूर्ण विश्वास. त्यांच्या संवादाचा सारांश येथे देत आहे.

वकीलसाहेब : गुरुजी, आपण उभा जन्म जिल्हा परिषदेच्या सेवेत घालविलात, तेव्हा आपला कौल तिच्याकडे असणे स्वाभाविक आहे. पण मला एवढेच सांगा, की सहा वर्षांच्या मुलाला शाळेच्या पाटीवर कोणाचे नाव आहे याच्याशी काय कर्तव्य? त्याला वर्गात वेळेवर येणारा आणि मन लावून शिकविणारा माणूस हवा. आमची संस्था येत्या जूनमध्ये तात्पुरत्या शेडमध्ये वर्ग सुरू करील, पुढे इमारत बांधील, आणि प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक देईल. आपला प्रस्ताव मात्र केंद्रावरून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून पुण्याच्या संचालनालयात शेरे गोळा करीत फिरेल. तोवर आज पहिलीत बसण्याच्या वयाची मुले तिसरीच्या वयाची होतील.

गुरुजी : विलंबाचा आपला आक्षेप मी नाकारीत नाही. पण दोन प्रस्तावांच्या स्वरूपातील भेद आधी पाहावा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्याच्या सहाव्या कलमाने शेजारात शाळा नसेल तर ती स्थापन करण्याचे कर्तव्य शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे; आणि आपल्या राज्याच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी हे अंतर एक किलोमीटरचे ठरविले आहे. म्हणजे जिल्हा परिषदेने शाळा काढणे हे उपकाराचे काम नव्हे. ते तिच्याकडून हक्काने मागता येते. आपल्या संस्थेची तयारी ही तिची सदिच्छा आहे, आणि ती मी मनापासून स्तुत्य मानतो. तथापि सदिच्छा ज्याची त्याने परत घेतली, तर त्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.

वकीलसाहेब : सदिच्छेला आपण इतके दुर्बळ समजू नये. या प्रांताच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला तर जे जे उज्ज्वल, त्याचा आरंभ सरकारी हुकुमाने झाला नाही, तो खाजगी पुढाकारानेच झाला. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, ती कोणा बोर्डाच्या ठरावाने नव्हे. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९३८ नंतर ज्या खेड्यांत शाळेचे छप्परही नव्हते, तेथे तिने शेकडो व्हॉलंटरी शाळा उघडल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे केले, ते अंगणात, कुरणात, मुलांच्या पायांमागून चालत जाऊन केले. शासनाने त्यातून पुष्कळ घेतले, पण ते मागाहून. नवे काही निर्माण करण्याची शक्ती संस्थेत असते. शासनाच्या हाती असते ती निर्माण झालेल्याची नोंद.

गुरुजी : हीच उदाहरणे मला अधिक मोलाची वाटतात, कारण त्यांचा उत्तरार्धही बोलका आहे. ज्या जोतीरावांनी स्वतः शाळा काढल्या आणि चालविल्या, तेच १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन घेऊन गेले, आणि रयतेच्या कराचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो अशी तक्रार करून, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. लोकाश्रयावर चालणारी शाळा कोठपर्यंत पोहोचते आणि कोठे थांबते, हे अनुभवाने ज्याला ठाऊक होते, त्याने ती मागणी केली, हे ध्यानात घ्यावे. रयतच्या व्हॉलंटरी शाळाही पुढे स्कूल बोर्डाकडेच गेल्या, आणि संस्थेने आपला भर माध्यमिक व उच्च शिक्षणावर दिला. हंटर आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे आणि वरचे शिक्षण शक्यतो खाजगी प्रयत्नांकडे, अशी जी वाट सुचविली, तिच्या खुणा आपल्या खेड्यापाड्यांत अद्याप दिसतात : चौथीपर्यंतची शाळा लोकल बोर्डाची, नंतर जिल्हा परिषदेची, आणि हायस्कूल मात्र एखाद्या संस्थेचे. या विभागणीमागे एक विवेक आहे. जी गोष्ट काहींनाच मिळून भागते, तिचा भार उत्साहावर सोपविता येतो. जी शेवटच्या मुलापर्यंत पोहोचलीच पाहिजे, तिला हमी लागते. आरंभ कोणीही करावा. हमी मात्र सार्वजनिक सत्तेनेच द्यावी, असे माझे मत आहे.

वकीलसाहेब : हमी हा शब्द फार भारदस्त आहे, गुरुजी, पण त्या हमीचे प्रत्यक्ष रूप आपण आणि मी दोघांनीही पाहिले आहे. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन माणसे. त्यांपैकी एक मतदार याद्यांच्या कामावर किंवा तालुक्याच्या बैठकीस गेला, की उरलेल्या एकाने पाचही वर्ग सांभाळावयाचे. बदलीचा हुकूम जिल्ह्याहून येतो, त्यात गावाला कोणी विचारीत नाही. पद रिक्त राहिले तर अर्जांवर अर्ज करावे लागतात. आणि २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय ज्या शासनाने घेतला, त्याच्या हमीवर आपण या वस्तीची मुले सोपवू म्हणता? संस्था सदिच्छा मागे घेऊ शकते, असे आपण म्हणालात. मग शासनानेही आपले कर्तव्य मागे घेतलेच की नाही?

गुरुजी : घेतले, आणि ते अनुचित झाले, असेच माझे मत आहे. वाडीवरची पाच-सात मुले दूरच्या शाळेत पाठवावयाची, म्हणजे त्यांतील मुलींची शाळा बहुधा कायमची सुटावयाची, हे मी केंद्रप्रमुख म्हणून पाहिले आहे. पण त्यानंतर काय घडले, तेही पाहावे. त्या निर्णयाविरुद्ध पालक उभे राहिले, वृत्तपत्रांनी लिहिले, विधिमंडळात प्रश्न निघाले. कारण ज्याने शाळा बंद केली, तो कोण आणि त्याचे कर्तव्य काय, हे सर्वांना ठाऊक होते. कर्तव्यच्युतीचा जाब मागता यावा, यासाठी आधी कर्तव्य कोणावर तरी लिहिलेले असावे लागते. एखाद्या संस्थेने तोट्याचे कारण दाखवून प्राथमिक शाखा आवरती घेतली, तर पालक कोणाच्या दारात जातील? ते दाखला घेतील आणि निमूटपणे दुसरी शाळा शोधतील. ज्यांना शोधता येणार नाही, ते हमरस्ता ओलांडतील, किंवा मुलाला कामावर नेतील.

वकीलसाहेब : आपण संस्थेविषयी फार निराशेने बोलता. दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा आमच्यावरही बंधनकारक आहेत. सोडतीत ज्यांचे नाव येईल, त्यांना आम्ही विनाशुल्क घेऊ. शासनाकडून त्याची प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते, तरीही घेऊ. बाकीच्या पालकांची ऐपत पाहून फी ठरवू. आणि एक गोष्ट आपण बोलण्यात आणली नाहीत. ही शाळा इंग्रजी माध्यमाची असावी, ही मागणी वस्तीतूनच आलेली आहे. कारखान्यात यंत्रापुढे उभ्या असलेल्या बापाला जर वाटत असेल, की आपल्या मुलाने कचेरीत बसावे आणि त्यासाठी त्याला इंग्रजी यावे, तर आपण त्याला मातृभाषेच्या शिक्षणशास्त्रावर व्याख्यान देऊन परत पाठविणार काय? आपल्या मुलाच्या शिक्षणाची दिशा ठरविणे हा बापाचा अधिकार आहे.

गुरुजी : त्या बापाची इच्छा मला वंदनीय आहे, आणि तिला तुच्छ लेखणे हा आम्हा शिक्षकांचा जुना दोष आहे. म्हणूनच २००० सालापासून या राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते, आणि कित्येक जिल्हा परिषद शाळांनी सेमी-इंग्रजीचे वर्गही काढले. ते अधिक चांगले चालावेत, ही मागणी रास्त आहे आणि ती आपण दोघे मिळून करू. पण आपण ज्या पालकांच्या वतीने बोलता, ते फी देऊ शकणारे आहेत. पंचवीस टक्क्यांची तरतूद माझ्या मते या कायद्यातील सर्वांत न्याय्य तरतुदींपैकी एक आहे. तरीही २०२४ च्या फेब्रुवारीत नियम बदलून, जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित शाळेला तिच्यातून सूट देण्यात आली, आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, तेव्हा ती वाचली. जी तरतूद एका अधिसूचनेने जाऊ शकते आणि एका निकालाने परत येते, तिच्यावर वस्तीतील सर्वांत गरीब घराची सगळी भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते. शिवाय तो प्रवेश शाळेच्या पहिल्या पायरीवर, वर्षातून एकदा, सोडतीने मिळतो. या वस्तीतली मुले मात्र वर्षाच्या मध्यावर येतात. बापाचे कंत्राट संपले की जातात. कोणाकडे जन्माचा दाखला नसतो, कोणाचा मागच्या शाळेचा दाखला मराठवाड्यातल्या गावी राहिलेला असतो. ऑक्टोबरात दारात आलेल्या अशा मुलाला वयानुरूप वर्गात बसवून घेणे, हे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे रोजचे काम आहे. आपल्या शाळेत त्याला कोणत्या खात्यावर घेणार?

वकीलसाहेब : या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही, हे मी मान्य करतो. विश्वस्त मंडळात आम्ही एखाद्या मुलाची फी माफ करू, दहांची करू. पण वर्षभर येत-जात राहणाऱ्या मुलांचा खर्च फीवर चालणाऱ्या शाळेला पेलणार नाही. मात्र दुसऱ्या एका बाबतीत माझी शंका अजून फिटलेली नाही. स्थानिक सत्तेच्या हाती शाळा दिल्याने काय होते, याचा पडताळा या प्रांताने एकदा घेतलेला आहे. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे दिला गेला, आणि नेमणुका व बदल्यांत गटबाजी शिरल्याची ओरड इतकी वाढली, की १९३८ मध्ये खेर मंत्रिमंडळाला दुरुस्ती करून बरेचसे अधिकार परत घ्यावे लागले. १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. तेथेही पक्ष आहेत, गट आहेत, ठेकेदार आहेत. संस्थेत निदान एक ध्येय आणि एक शिस्त असते.

गुरुजी : गटबाजी विश्वस्त मंडळांतही शिरते, हे आपण वकिलीत माझ्याहून अधिक पाहिले असेल, धर्मादाय आयुक्तांपुढील दावे त्याची साक्ष देतात. फरक एवढाच, की तेथील भांडण बंद दाराआड चालते. स्थानिक सत्तेच्या दोषावर उपाय, ती काढून घेणे हा नाही, तिला अधिक खाली, पालकांपर्यंत नेणे हा आहे. त्यासाठीच शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद झाली : तीन-चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे, आलेल्या निधीच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, शिक्षकांच्या उपस्थितीकडे पाहणे, ही तिची कामे कायद्यातच लिहिलेली आहेत. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या ग्रामस्थांनी जिल्हा परिषदेच्याच शाळेचे जे रूप घडविले, ते पाहण्यास दूरदूरचे लोक गेले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. सार्वजनिक शाळा म्हणजे निकृष्ट शाळा, हे समीकरण खरे नाही.

वकीलसाहेब : एक उत्तम शिक्षक किंवा एक जागरूक गाव म्हणजे व्यवस्था नव्हे, गुरुजी. आपण नामांकित शाळा सांगितल्यात. मी आपणास अशा अनेक गावांची नावे सांगू शकेन, जेथे ही समिती केवळ इतिवृत्ताच्या वहीत जिवंत आहे, आणि सभेला न आलेल्या मातांच्या सह्या त्यांच्या घरी जाऊन घेतल्या जातात. आणि या वस्तीत तर त्याहून मूलगामी अडचण आहे. ग्रामसभेचा सदस्य कोण? गावाच्या मतदार यादीत ज्याचे नाव, तो. भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार आपल्या मूळ गावचा मतदार आहे. म्हणजे ज्यांची मुले या शाळेत बसणार, त्यांपैकी बहुतेकांना ती कोणाची असावी हे ठरविण्याच्या सभेत हात वर करण्याचाही हक्क नाही. जमीनमालक ठरवतील, पुढारी ठरवतील, आणि आपण आणि मीही ठरवू. पण ज्यांच्या मुलाबाळांचा प्रश्न आहे, ते बाहेर उभे राहतील. आपल्या लोकसत्तेचे हे अंग आपणास खटकत नाही काय?

गुरुजी : खटकते, आणि आपण ते दाखवून दिल्याबद्दल मी आपला ऋणी आहे. पण याच कारणाने माझा आग्रह अधिक दृढ होतो. ज्या पालकाला ग्रामसभेत मत नाही, त्याला फीवर चालणाऱ्या शाळेत तर मुळीच मत नाही. तेथे तो फार तर ग्राहक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र त्याचे मूल पटावर आले, की तो पालकसभेचा पूर्ण सदस्य होतो, समितीवर निवडून येऊ शकतो, तिचा अध्यक्षही होऊ शकतो. त्याचे नाव कोणत्या गावच्या यादीत आहे, हे तेथे कोणी विचारीत नाही. स्थलांतरित माणसाला या गावाच्या कारभारात मिळणारी ही बहुधा पहिली खुर्ची असेल. ती आपण त्याला का नाकारावी?

या प्रश्नावर वकीलसाहेब बराच वेळ विचारात पडले. नंतर त्यांनी जे सांगितले, त्यात त्यांच्या मताचा त्याग नव्हता, पण निर्णयाला आकार देणारा एक मार्ग होता. ते म्हणाले, की जागेची मालकी व शाळेचा कारभार जिल्हा परिषदेकडे राहण्यास आपली आता हरकत नाही; तथापि कर्तव्याला मुदतीचे बंधन नसेल तर ते कर्तव्य निष्फळ होते, म्हणून ठरावात मुदत घातली पाहिजे. येत्या जूनपर्यंत वर्ग सुरू होऊन शिक्षक हजर झाले नाहीत, तर ग्रामपंचायतीने संस्थेच्या साह्याने, जागेवरील कोणताही हक्क न देता, तात्पुरते वर्ग चालवावेत आणि त्याच वेळी जिल्हा परिषदेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागावी. तो दावा आपण स्वतः विनामोबदला चालवू. २०२३ साली शासनाने काढलेल्या दत्तक शाळा योजनेप्रमाणे बाहेरच्या देणगीदाराने शाळेस वस्तुरूप मदत करण्याची वाट आहेच. तेव्हा संस्थेने ग्रंथालय, विज्ञानाचे साहित्य आणि शिक्षकांसाठी मार्गदर्शनाचे वर्ग द्यावेत. गुरुजींनी हे सर्व मान्य केले, आणि आपल्या बाजूने दोन कलमे जोडली : देणगीच्या बदल्यात शाळेच्या कारभारात कोणालाही हक्क मिळू नये, आणि दर सहा महिन्यांनी मुलांची उपस्थिती, रिक्त पदे आणि तिसरीपर्यंतच्या किती मुलांना सलग वाचता येते, याचा हिशेब ग्रामसभेत जाहीरपणे वाचला जावा. शिक्षकांच्या नेमणुकीत गावाला काही अधिकार असावा की नाही, या मुद्द्यावर मात्र दोघांचे एकमत झाले नाही. वकीलसाहेबांना तो हवा आहे. गुरुजींना त्यात जातीपातीच्या दबावाचे भय वाटते. हा मतभेद प्रामाणिक आहे, आणि एका ठरावाने तो मिटणारही नाही.

या संवादातून मला जे कळले, ते मी निःसंदिग्धपणे सांगू इच्छितो. नवी शाळा कोण अधिक त्वरेने उघडील, कोण अधिक देखणी बांधील, हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी दुय्यम आहेत. पहिला प्रश्न असा, की पट घटला, निधी संपला, उत्साह ओसरला आणि दाखला नसलेले मूल वर्षाच्या मध्यावर दारात उभे राहिले, म्हणजे शाळा चालविणे सर्व बाजूंनी गैरसोयीचे झाले, तर त्या दिवशी ती चालू ठेवण्यास कोण बांधील आहे? ज्याच्यावर ते बंधन आहे, त्याच्याकडेच शाळा असावी. आणि ज्याच्याजवळ गुण, द्रव्य आणि कल्पकता आहे, त्याने त्याच्या साह्यास यावे. परंतु हे बंधन कागदावरून वर्गात उतरविण्याचे काम जिल्हा परिषद आपण होऊन करणार नाही. ते गावाला करावे लागेल. म्हणून ग्रामसभेपूर्वी त्या वस्तीतच एक सभा भरवावी, मतदार यादीचा विचार न करता प्रत्येक आईबापाला तीत बोलू द्यावे, त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे, आणि ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात जसेच्या तसे दाखल करावे. त्यांना मत देण्याचा अधिकार कायदा आज देत नसला, तरी त्यांचे ऐकून घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. आणि त्यांचे ऐकल्याशिवाय केलेला ठराव, मग तो कोणत्याही पक्षाच्या बाजूने असो, त्या शाळेचा पाया कच्चा ठेवील.